मी समुद्र दुरुस्त केला, त्याची हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलोय, बाकीचा मनातून जमा करून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींना झोप लागते का? तुझ्या बडबडीची चौकशी करत नाही. ती ठणठणीत आहे हे तुझ्या मागच्या फोनपासून माझा डावा कान सांगतोय.

पत्रास कारण आमचा भोंगा. जन्मली तेव्हा तिच्या रडण्यावरून मीच हे नाव ठेवलं. आता बारावी झाली तरी आवाज उतरलेला नाही. "बाबा, मी समुद्राचं विज्ञान शिकणार," हे तिने जिन्यातूनच जाहीर केलं, म्हणजे वरच्या मजल्याला वेगळं कळवायला नको. तुला ठाऊकच आहे, पंप दुरुस्त करता करता मी दुकान उभं केलं. पाणी पाइपातून कुठे जातं ते मला कळतं. मुळात ते येतं कुठून, याची चौकशी आपल्या घराण्यात कोणी केली नव्हती. म्हटलं, शीक बाई, पण कॉलेज मी पारखणार. जुना पंप घेताना मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावतो, मूठ कानाला, आणि आतलं खरंखोटं ऐकून घेतो. कॉलेजही तसंच ऐकायचं ठरवलं. (निघताना तुझी भावजय म्हणाली, "तिथे तरी तो बाहेर काढू नका." मी म्हणालो, "छे.")

पहिलं कॉलेज घरापासून हाकेच्या अंतरावर (भोंग्याच्या हाकेच्या, म्हणजे दोनेक बसस्टॉप). काचेची इमारत, गारेगार हवा, भिंतीवर देवमाशाचं भलंमोठं चित्र. समुद्र कुठे आहे असं विचारलं, तर तिथल्या साहेबांनी तो पडद्यावर दाखवला. दाराशी माशांची टाकी होती. तिचा पंप मी हळूच ऐकला. लोण्यासारखा! मला कॉलेज एकदम पसंत पडलं. भोंगा टाकीत डोकावून म्हणाली, "बाबा, मासे प्लास्टिकचे आहेत." म्हटलं, असेनात, पंप तर खरा आहे ना?

दुसरं कॉलेज दिवसभराच्या प्रवासावर, थेट किनाऱ्याला. खिडक्यांचे गज गंजलेले, जिन्यात ओले बूट, आणि वास असा की मांजरंही तिथे नाव घालून शिकत असावीत. टाकीचा पंप दमेकऱ्यासारखा. मनातल्या मनात मी कॉलेज नापास करून टाकलं. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेल्या एक प्रोफेसरबाई आल्या, आम्हाला धक्क्यावर घेऊन गेल्या, एक माइक पाण्यात सोडला आणि हेडफोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ऐका समुद्र." ऐकला. तडतड, तडतड, तडतड. ताई, हा आवाज ओळखण्यावर मी आजवर पोट भरलं. लूज कनेक्शन! बाई भोंग्याला लांबची बोट दाखवत होत्या. म्हटलं, गरीब कॉलेज आहे, आपल्या हातून एवढी सेवा घडू दे. माइकच्या वायरीवरची डबी उघडली, एक वायर काढली, घासली, स्क्रू आवळला. तडतड बंद! स्वच्छ शांतता. मी छाती काढून म्हणालो, "घ्या बाई, समुद्र दुरुस्त झाला."

बाईंनी ऐकलं. मग फार मऊ आवाजात (शिकलेली माणसं रागावली की आवाज खाली आणतात, आपण वर नेतो) म्हणाल्या, की पाण्याखाली इवल्याशा कोळंब्या नांग्या मिटून फटाफट आवाज काढतात, तीच ही तडतड. "कनेक्शन छान होतं. आता तुटलंय."

भोंगा "बाबाऽऽ!" अशी ओरडली की धक्क्यावरचा एकूण एक पक्षी उडाला. मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावून तिने डबी पुन्हा जोडली. (लहानपणापासून दुकानात लुडबुडत आलीय, हात माझाच आहे.) हेडफोन कानाला लावला आणि ताई, ती गप्प झाली. आपला भोंगा, गप्प! डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, कितीतरी वेळ. बाई तिच्याकडे बघत होत्या. मी उगाच बोटी बघत होतो.

असो. माझं मत पक्कं आहे, जवळचंच कॉलेज बरं. हवा गार, पंप उत्तम, संध्याकाळी पोरगी घरात. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तेव्हा फोन कर, आत्याच्या हक्काने चांगली दरडाव.

भावजींना नमस्कार, नातवंडांचे गालगुच्चे.

तुझा,
धाकटा

ता. क. फोन करू नकोस. लांबच्या कॉलेजात तिचं नाव घालूनच आम्ही परतलो. बाई म्हणाल्या, "मुलीला पाठवा, स्क्रूड्रायव्हर घरी ठेवा." मुलीला पाठवतोय. स्क्रूड्रायव्हर तिने स्वतःहून मागून घेतलाय.

आणखी एक ता. क. ती गेली की तू आमच्याकडे राहायला ये. परवा ती मैत्रिणीकडे मुक्कामाला गेली होती, तर घरात अगदी त्या हेडफोनात झालं होतं तसं झालं. स्वच्छ. तुझी भावजय मुळातच कमी बोलते, त्यात त्या दिवशी तीही स्वयंपाकघरात नुसती भांडी इकडची तिकडे करत बसली. तेव्हा येताना सामान कमी आण, बडबड सगळी आण. डावा कान बरा होतोय, आणि उजवा तर तुझ्यासाठी कोराच ठेवलाय.