शनिवारच्या तासाची निरवानिरव

मी, दातांची डॉक्टर आणि दंतमहाविद्यालयातली निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही.

१. राहते घर भावाच्या मुलीला, माझ्या भाचीला द्यावे. ती लांब असते. दर रविवारी फोन करून “आत्या, जेवलीस ना?” असे विचारते; मी जेवलेली असो वा नसो, हो म्हणते. घर तिने खुशाल विकावे. माझ्या आठवणीसाठी कुलूप लावून ठेवू नये. बंद घराला लवकर कुबट वास येतो.

२. बँकेतली ठेव महाविद्यालयाला द्यायचे पूर्वी ठरवले होते. ते रद्द समजावे. कारण लिहिणे भाग आहे.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी शनिवारी नेतृत्वाचा तास घेत असे. परीक्षेत गुण नसलेला विषय, त्यामुळे निम्मी मुले डुलक्या काढायला येत. मी रुग्ण होऊन खुर्चीत बसायची आणि बोलता बोलता शुद्ध हरपल्यासारखी मान टाकायची. मग कोणाला काय सांगायचे, कोणत्या आवाजात, हे त्यांनी ठरवायचे. दात काढता येणे वेगळे; घाबरलेला रुग्ण, गोंधळलेली मदतनीस आणि स्वतःचे थरथरते हात एकदम सांभाळणे वेगळे. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘मुकी’ म्हणत. माझ्या तासाला तिने कधी तोंड उघडले नाही.

एकदा विभागात भुलीचे इंजेक्शन दिल्यावर एका माणसाचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. विभागप्रमुख हातात सिरिंज धरून नुसते उभे राहिले. मुकी पुढे झाली. “तू ऑक्सिजन आण. तू तातडीच्या औषधांची पेटी उघड. सर, तुम्ही जरा बाजूला व्हा.” आवाज चढवला नाही. तो माणूस जगला, आणि तिच्यावर उद्धटपणाची चौकशी बसली.

विभागप्रमुख मला म्हणाले, “हे तुमचं शिकवणं.”

“हो, माझंच,” मी म्हणाले, आणि चौकशीत तेच सांगितले.

तिचे वर्ष वाचले. माझा तास बंद झाला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी कोणी बसले नाही. समोर चहा यायचा, माणूस यायचा नाही.

तेव्हा ती ठेव दवाखान्यांत मदतनीस म्हणून राबणाऱ्या मुलींच्या शिक्षणासाठी वापरावी. महाविद्यालयाच्या नव्या फाटकासाठी नव्हे.

३. बाहेरच्या खोलीतली दात तपासायची खुर्ची आणि माझे सगळे चिमटे मुकीला द्यावेत. महाविद्यालयाने भंगारात काढलेली ही खुर्ची मी घरी आणली, इथेच तास घेईन म्हणून. आधी चार-पाच मुले आली, मग एक, मग कोणीच नाही. शनिवारी दुपारी मी अजूनही दार उघडे ठेवते. जिन्यात पावले वाजतात, ती वरच्या मजल्यावर जातात.

या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मुकीनेच करावी. हे विचारायला मी तिला फोन केला. मधल्या वर्षांत आमचे बोलणे नव्हते.

“करते,” ती म्हणाली. “मॅडम, माझ्या दवाखान्यात तिघी कामाला आहेत. शनिवारी खुर्चीत मी बसते आणि मान टाकते. त्या मला सांभाळतात.”

“इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस.”

“मी कमीच बोलते, मॅडम.”

फोन ठेवल्यावर मी त्या खोलीत जाऊन बसले. दिवा लावायचे सुचले नाही.

४. विभागप्रमुखांना काहीही देऊ नये. ते पलीकडच्या गल्लीत राहतात. सकाळी फिरताना आम्ही समोरासमोर येतो आणि दोघेही झाडांकडे बघतो. माझी शोकसभा झालीच, तर त्यांना अध्यक्ष करू नये. मागच्या रांगेत बसले तर हरकत नाही.

५. माझा देह त्याच महाविद्यालयाला द्यावा. भांडण माणसांशी होते, मुलांशी नाही. टेबलाभोवती पहिल्या वर्षाची मुले उभी राहतील, तेव्हा कोणाचे तरी पाय लटपटतील. शिक्षकांनी लगेच पुढे होऊ नये. मुलांपैकीच कोणीतरी त्याला धरावे, बाहेर न्यावे, आणि बाकीच्यांना कामे वाटून द्यावीत. थोडा वेळ लागेल. लागू द्यावा. वर्ग भरलेला असेल, मला कुठे जायचे नसेल.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, तरी दुकाने बंद ठेवून आले, याबद्दल त्यांची आभारी आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे शिंपी (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: १४ जून २०२५, शनिवार