हलवल्यावर उघडणारी खिडकी

८ सप्टेंबर, सोमवार

गिरजाताईंच्या नोंदी पुन्हा तीन दिवस उशिरा! शेणव्याच्या पाड्यांवर घरोघरी जाऊन त्या बाळांची वजने करतात. फोनवरच्या आमच्या ॲपमध्ये भरलेले वजन शहापूरच्या कार्यालयात आपोआप पोहोचते. पोहोचायला हवे. संस्थेचे प्रमुख प्रशांत सर म्हणाले, “बाई घरी बसून आकडे भरतेय. शुक्रवारी काय ते ठरवू.” मला पटत नाही. ॲप मी लिहिले आहे. उशीर नेमका कोठे होतो, ते मीच दाखवीन.

९ सप्टेंबर, मंगळवार

डीबगर, म्हणजे चुका शोधणारे साधन, बसवला — थेट ॲपच्या पोटात! काय देखणी कल्पना आहे ही. एरवी आत डोकावायचे तर फोन वायरीने संगणकाला जोडावा लागतो. येथे फोन स्वतःच स्वतःची टिपणे ठेवतो: कोणते बटण दाबले, कोणती नोंद साठवली, कोणती पाठवली — क्रमाने, वेळेसह. फोन हलवला की या टिपणांची खिडकी पडद्यावर उघडते. तळाशी दोन बटणे, ‘साठा रिकामा करा’ आणि त्याखाली ‘बंद करा’. पहिल्याने फोनमधल्या न पाठवलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात; ते केवळ माझ्या चाचण्यांसाठी. गावात ॲप पाठवताना ही खिडकी काढून टाकायची असते. मी मुद्दाम ठेवली. गिरजाताईंना सांगितले नाही. उगाच गोंधळतील.

११ सप्टेंबर, गुरुवार

हादरले आहे. सकाळी गिरजाताईंचा फोन — “मॅडम, पाड्यावरच्या बाळाचं, अक्षदाचं वजन उतरलंय. तुमाला दिसलं ना?” काहीच दिसले नाही. आठवड्याची एकही नोंद नाही! डीबगरची टिपणे मात्र आली, आणि त्यांत स्वच्छ लिहिले आहे: १०.४२, साठा रिकामा केला — वापरकर्ता.

त्यांनी स्वतः पुसल्या. आणि वर मलाच विचारतात!

सरांसाठी दोन पानी अहवाल लिहिला. सुबोध व्हावा म्हणून अनावश्यक ओळी गाळल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गिरजाताईंना कामावरून काढले. सर म्हणाले, “इतकं स्पष्ट आजवर कुणी समजावलं नव्हतं.”

१४ सप्टेंबर, रविवार

संस्थेचा फोन परत आणायला शेणव्याला गेले. गिरजाताई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “एकदा टेकडीवर चला. आमी नोंदी कशा धाडतो ते बघा.”

पाड्यावर रेंज नाही, हे मला ठाऊक होते. रेंज कशी मिळवतात, हे ठाऊक नव्हते. कातळावर पाच-सहा जण उभे, हात वर करून फोन गदागदा हलवत! कोंडू नावाचे आजोबा मला म्हणाले, “मॅडम, तुमी पन हलवा. नायतर रेंज जाते भातसानगरला, धरणावर फिराया!” सगळे हसले. गिरजाताईंनी हात वर करून फोन हलवला.

माझी खिडकी उघडली.

त्यांच्या छोट्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, ‘साठा रिकामा करा’ हे एकच बटण मावत होते. ‘बंद करा’ पडद्याखाली गेले होते.

“ही पाटी दर येळेला येते. बटन दाबल्याबिगर जात नाय. मला वाटलं, तुमीच घातलीय तर बराबर असंल.”

नोंदी पुसल्या त्या दिवशीची टिपणे मी तेथेच पुन्हा उघडली. पुसल्याच्या आधीची ओळ: १०.४२, फोन हलला. ती ओळ मी अहवालातून गाळली होती!

“अक्षदाचं किती होतं?” मी विचारले.

“सहा किलो शंभर. मागल्या महिन्याला सात व्हतं.”

१५ सप्टेंबर, सोमवार

सरांना सगळे सांगितले. फोन हलवून दाखवला. त्यांनी माझाच अहवाल पुढे सरकवला. “खिडकी चुकीची, मान्य. पण बाईने वजनं केली होती, याला पुरावा काय?”

पुरावा माझ्याच बटणाने पुसला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शहापूरच्या सरकारी दवाखान्यातून अक्षदाचा केसपेपर मिळाला. दाखल शनिवारी — गिरजाताईंना कामावरून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी. वजन: सहा किलो शंभर. सोबत आणणाऱ्याचे नाव: गिरजा.

बाळ बरे आहे. कागद सरांच्या टेबलावर ठेवला. या वेळी काहीही समजावले नाही.