हरवलेल्या वस्तूंचे टेबल

दि. २ एप्रिल

मा. मुख्याध्यापिका यांस,
सादर नमस्कार.

आपले टंकलिखित पत्र काल पोहोचले. प्रकृती ठीक आहे, असे लिहिण्याचा प्रघात आहे, तो पाळतो. आपण माझ्या दिवंगत पत्नीच्या सख्ख्या धाकट्या बहीण आहात, हे आपल्या पत्रात कुठेही दिसले नाही, म्हणून माझ्याही पत्रात दिसणार नाही.

आपण कळवता की यंदा शाळेच्या वार्षिक समारोपात 'हरवले-सापडले'चे टेबल मांडले जाणार नाही. प्रमुख पाहुणे येणार, बक्षिसे वाटली जाणार, छायाचित्रे निघणार. त्यात एकेकटे मोजे आणि झाकण नसलेल्या बाटल्या 'जुन्या बाजारासारख्या' दिसतील. सबब, माझ्या घरी असलेले वस्तूंचे खोके शिपायाच्या हवाली करावे, म्हणजे त्याची 'योग्य विल्हेवाट' लावता येईल.

खोके मिळणार नाही.

माझी पत्नी आपल्याच शाळेत दुसरीच्या वर्गाची बाई होती. वर्षभर शाळेत सापडलेल्या वस्तू ती घरी आणी, धुई, उसवलेले शिवी आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी टाचे: 'पाण्याच्या टाकीमागे, सोमवारी.' 'झोपाळ्याखाली, चिखलात.' शेवटच्या दिवशी मुले टेबलाशी रांग लावत. वस्तू कशी हरवली ते खरे सांगायचे आणि घेऊन जायचे, एवढाच नियम. शिक्षा नसे. "डबा मीच फेकला, भाजी आवडली नाही," असे सांगणाऱ्यालाही डबा मिळे. खोटे बोलणाऱ्यालाही मिळे; मात्र त्याला ती हात जोडून म्हणे, "घ्या साहेब, ही आपली टोपी." सात वर्षांचे पोर एकदा 'साहेब' झाले की पाच मिनिटांत रडत परत येई आणि खरे काय ते सांगे.

तेवीस वर्षे हे चालले. याला आपण जुना बाजार म्हणता. मी याला शाळा म्हणतो.

आपला,
खोके बाळगून असलेला एक नागरिक


दि. ९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुला 'आपण' म्हटले. पुरे झाले ते. लग्न झाले तेव्हा तू परकर नेसून माझ्या सायकलची घंटा वाजवत बसायचीस. तुला 'आपण' लिहिताना लेखणी अडखळते. मत मात्र बदललेले नाही.

शिपाईमामा सोमवारी आले. दारातूनच म्हणाले, "काका, खोकं द्या बघू. मोठ्या बाई वाट बघतायत."

"चहा घ्या."

"चहा घेतला की खोकं देणार?"

"नाही."

"मग दोन कप टाका. रिकाम्या हातानं जायचं तर पोट तरी भरलेलं असू दे."

बसले. दोरीवर मोजे वाळत होते, ते त्यांनी पाहिले. टेबलावर घडी करून ठेवलेले मोजेही पाहिले. "मोज्यांना इस्त्री करता, काका?"

"करतो."

"बाई नव्हत्या करत."

नव्हती करत, हे खरे आहे. मला तिच्याइतके येत नाही, म्हणून मी जास्त करतो. मामांना हे सांगितले नाही. निघताना मी म्हणालो, "मोठ्या बाईंना सांगा, काका ऐकत नाहीत." त्यावर ते म्हणाले, "ते त्यांना ठाऊक आहे. त्यांनीच सांगितलं, ऐकणार नाहीत, तरी जाऊन या. आणि जेवतात का नीट, तेवढं बघून या."

जेवतो. तुझ्या हेरांना पुढच्या वेळी बिस्किटेही मिळतील. खोके मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या दोन मुली दाराशी आल्या. मी नकाशे काढत असे हे मुलांना तिनेच सांगितलेले, त्यामुळे मी त्यांचा 'नकाशेवाले काका'. समोरचे दोन दात पडलेली एक म्हणाली, "नकाशेवाले काका, टेबल असणार ना? माझी पट्टी आहे त्यात."

"कशी हरवली?"

"हरवली नाही काही. मी पेरली होती. कुंडीत. उगवते का बघायला." मग तिने घाईघाईने तोंडावर हात ठेवला. "पण हे बाईंना सांगायचं होतं." थोडा वेळ ती पायाने उंबरा खरवडत राहिली. "आता कुणाला सांगायचं?"

त्या गेल्यावर खोके उघडून पाहिले. पट्टी खोक्यात आहे. तुझ्या ताईची चिठ्ठी: 'कुंडीत, अर्धी पुरलेली. पाणीही घातले आहे.'

शाळेच्या आवारात टेबल मांडू दिले जाणार नाही, ही तुझी चिठ्ठीही पोहोचली. ठीक. सदतीस वर्षे भूमापन खात्यात हद्दी मोजल्या आहेत. काल सकाळी फीत घेऊन शाळेपाशी आलो होतो. तू खिडकीतून पाहिलेस, हेही मी पाहिले. शाळेची हद्द फाटकाच्या खांबांच्या बाहेरच्या कडेला संपते. तिथून रस्त्यापर्यंत सहा फूट मोकळी जागा आहे. टेबल अडीच फूट रुंद आहे. नकाशा सोबत जोडला आहे. प्रमाण आणि उत्तर दिशा दाखवली आहे.

तुझा हट्टी
भावोजी


दि. १५ एप्रिल

प्रिय धाकटे,

समारोप उद्या. आज खोके शेवटचे उपसले. तळाशी एक वस्तू निघाली, ती शाळेची नाही. हिरव्या मुठीची छत्री. चिठ्ठी आहे: 'धाकटीची. आमच्या स्वयंपाकघरात. भांडून गेली तेव्हा.'

छत्री तू विसरली असशील, भांडण विसरली नसशील. ताईला जिना चढवत नाही, तिला रजा घ्यायला लावा, हे सांगायला तू आली होतीस. मी म्हणालो, "मुख्याध्यापिकांनी जे सांगायचे ते शाळेत सांगावे." तुझे म्हणणे बरोबर होते. ते मला त्याच दिवशी कळत होते.

एवढे लिहिणे सोपे गेले. पुढचे लिहायला तीन कागद फाडले.

तिच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, तुझा फोन आला. "भावोजी, आत्ताच निघू का?" मी म्हणालो, "ती झोपली आहे. उद्या ये."

ती जागी होती. उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी मला सकाळीच बाहेर बोलावून सांगितले होते की उद्याचा भरवसा धरू नका. तिने विचारले, "कोण? धाकटी का?" मी म्हणालो, "राँग नंबर."

मला ती दुपार एकट्याला हवी होती. तेहेतीस वर्षे तिला शाळेने, मुलांनी, माहेराने, तू, सगळ्यांनी वाटून घेतले. मी कधी तक्रार केली नाही, शिस्तीत माझ्या वाट्याची वाट पाहिली. त्या दुपारी वाटून घ्यायला मी नकार दिला. मी विसरलो नव्हतो, गोंधळलो नव्हतो. तुझी दुपार हरवली नाही, धाकटे. मी ती घेतली.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग अंगावरच्या चादरीतून दोन्ही हात बाहेर काढले, जोडले आणि म्हणाली, "बरं, साहेब."

सगळ्या संसारात मला तिने हे कधी म्हटले नव्हते. पाच मिनिटांत रडत परत जाऊन खरे सांगण्याइतका मी शहाणा नव्हतो. मी खिडकीचा पडदा सारखा करत राहिलो. संध्याकाळी ती गेली.

तेव्हा टेबलासाठी मी एवढा का भांडतो आहे, ते आता तुलाही कळले आणि लिहिता लिहिता मलाही.

भांडण मागे घेतलेले नाही. उद्या सकाळी साडेआठला टेबल फाटकाबाहेर असेल. तू फाटक लाव, मामांना पाठव, पाहुण्यांना मागच्या दाराने ने. टेबल हलणार नाही. मोजे इस्त्री केलेले आहेत. पाहुण्यांना छायाचित्र काढायचे असेल तर बेलाशक काढावे.

फक्त टेबलामागच्या खुर्चीचा प्रश्न आहे. तिथे बसून मुलांकडून खरे ऐकण्याचा हक्क मला पोहोचत नाही. तू आली नाहीस तर नाइलाजाने बसेन, कारण मुलांना ताटकळत ठेवणे मला मान्य नाही. त्या पोरीला पट्टीचे कुणाला तरी सांगायचेच आहे. पण नऊपर्यंत खुर्ची रिकामी ठेवीन. तू त्या खुर्चीवर बसलीस, तर मी रांगेत मुलांच्या मागे उभा राहीन. पाळी आली की वरचे सगळे पुन्हा सांगेन, तोंडाने, पोरांसमोर. कागदावर सांगितलेले तुझी ताई धरत नसे.

छत्री टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवतो. तुझी वस्तू तू काही न सांगता ने. ती कशी हरवली याचे खरे सांगायचे काम माझे होते, ते वर केले.

रांगेत शेवटचा,
साहेब की भावोजी, हे उद्या तुझ्या तोंडून ऐकेन