चार पट्ट्या काढलेली टाकी

३ फेब्रुवारी
आमच्या वर्कशॉपमधली शहाडच्या शेवंतीताईंची हँडवॉश ढवळायची टाकी बाबांनी माझ्यावर सोपवली. ट्रायल नीट झाली तर बाळकुमची मोठी ऑर्डरही मीच सांभाळायची. टेन्शन अजिबात नाही. फक्त जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ
टाकीत उतरून पाहिलं. मधोमध शाफ्ट, खाली पंखा, भिंतीला चार उभ्या पट्ट्या. पट्ट्यांमागे फडकं जात नाही. शाळेत घालायच्या आधीच बाबांनी पातेलं पुढ्यात ठेवून शिकवलेलं: फडकं पोचत नाही तिथे घाण बसते. म्हणजे माझ्या पहिल्याच टाकीत घाणीला चार जागा.

संध्याकाळ
पट्ट्या कापून काढून घेतल्या. चुलतभाऊ विकी म्हणाला, "ताई, काकांना विचारलंस?" म्हटलं, त्यांनीच शिकवलंय. "मग काय, तू तर टाकीतच जन्मलेलीस!" कौतुक असावं.
बाबांना सांगितलं नाही. जबाबदारी घेतल्यावर सारखं विचारणं बरं दिसत नाही.

६ फेब्रुवारी
आतून पॉलिश. स्वतः पुसली. परत पुसली. पाणी भरून पंखा चालवला. पट्ट्या होत्या तेव्हा पाणी आपटायचं, उसळायचं. आता गुपचूप गोल फिरतं. मधे खोल खळगा पडतो. बघत बसले. काहीच वाटेना. यालाच कॉन्फिडन्स म्हणत असतील.

७ फेब्रुवारी
बाळकुमच्या टाकीलाही पट्ट्या लावायच्या नाहीत, असं ठरवलं.

८ फेब्रुवारी
ट्रायल. शेवंतीताई हँडवॉशचे कॅन घेऊन वर्कशॉपला आल्या. बटण मीच दाबलं. वरून टाकलेला रंग मिसळलाच नाही, वरच्या वर फिरत राहिला. खळगा पंख्यापर्यंत गेला, हवा आत ओढायला लागला. फेस झाकणातून बाहेर, जमिनीवर, मग बाबांच्या चपलांवर.
शेवंतीताई म्हणाल्या, "बाय गो, मना टाकी पायजे, धुनं धुवाचं मशीन नाय!"
बाबांनी बटण बंद करून आत पाहिलं. "दक्षू, पट्ट्या कुठायत?"
मी फडक्याचा नियम सांगितला.
"अगं, तो पातेल्याचा. पातेल्यात ढवळताना हात आपण हवा तसा वळवतो. इथे पंखा एकाच बाजूला फिरणार. मालाला अडवून वर-खाली कोण करणार? पट्ट्याच ना?"
मग विकीला म्हणाले, "पट्ट्या परत लाव. आणि बाळकुमचं तूच बघ."
मी बरं म्हटलं. काही वाटलं नाही. विकी "सॉरी ताई" म्हणाला, तेव्हाही नाही.
सगळे चहाला गेल्यावर फेस काढला. फरशी लखलखीत निघाली. इतकी स्वच्छ ती कधीच नव्हती. चहा पिऊन आले ते तिच्यावरून तसेच चालत गेले.