देवीच्या तळ्यात सोडलेलं बी

धसई, ता. मुरबाड
२५ नोव्हेंबर १९६४

चि. नामदेव यास देवरामचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची सवय आहे, म्हणून हात तिकडेच जातो. भात झोडून झालं. तुझी वहिनी बरी आहे. शेतकी खात्यातली तुझी नोकरी नीट चालली असेल.

ज्येष्ठातल्या एका सकाळचं सांगायचं आहे. भाताच्या रोपांसाठी राबात पेरून पाटीभर बी उरलं. रोग लागू नये म्हणून तू दिलेली पाऱ्याची पुडी चोळून गुलाबी झालेलं. पुडीवर तू लिहिलं होतंस, 'विष आहे. बी उरलं तर खोल पुरावे.' मी ते वाचलं होतं. पण उरलेलं बी घरी न्यायचं नाही, देवीच्या तळ्यात माशांना घालायचं, ही आपल्या आजोबांची रीत. मी आंघोळ करून, हात जोडून ते सोडलं. गेली तीन वर्षं तसंच करतोय. एवढ्या पाण्यात विष विरून जाईल असं वाटलं.

तळ्यातले मासे आपण खात नाही. तळ्याकाठच्या वाडीतली माणसं खातात. कमळाचे कांदेही काढतात.

भाद्रपदात वाडीतली मांजरं गोल गोल फिरून मेली. मग वाडीतला गोजर बायकोला, ठकूला, घेऊन देवळात मी पूजेला असताना आला.

"दादा, अंगारा द्या. हिचे हातान भाकर ऱ्हात नाय."

ठकू हसली. "मांजरा नाचली, आता माजी पाळी. ढोल तरी आना."

मी अंगारा लावला. दर मंगळवारी लावत राहिलो. तिची जीभ जड होत गेली. मागच्या मंगळवारी गोजरने तिला पाठीवर आणलं. जाताना म्हणाला, "ताकद यावी म्हनून तल्यातला मासा देतो हिला. चालंल ना?"

मी हो म्हणून मान हलवली, नामदेव.

तेव्हापासून देवीसमोर डोळे मिटता येत नाहीत. तुझी नोकरी जाईल म्हणून गप्प आहे, असं मी मनाला सांगत होतो. ते खोटं. तू तर लिहून दिलं होतंस. ती पुडी मी देवीच्या पाटाखाली लपवली होती. तिथून काढवेना, आणि देवीला फुलं वाहवेनात.

काल गोजरने ठकूचं कपाळ पुढे केलं. मी अंगारा लावला नाही. वाडीतले सगळे होते, त्यांच्यासमोर सांगितलं, तळ्यातला मासा आणि कांदा कोणी खाऊ नका. विष मी घातलंय.

गोजरने ठकूला मागे घेतलं. मग म्हणाला, "तवा मान कशाला हालवली?"



आज सकाळच्या गाडीने मी आणि गोजरने ठकूला मुरबाडला डॉक्टरांकडे नेलं. ते तळ्यातला गाळ आणि मासे तपासायला मुंबईला पाठवणार आहेत. तुला विचारतील तेव्हा खरं ते सांग, मला सांभाळू नकोस. आता पूजा माझ्या हातून नको, म्हणून देवळाची किल्ली शेजारच्या नवसूला दिली. पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, मी काय केलं ते कागदावर लिहिलं आणि खाली सही केली.

तुझं अक्षर वाचूनही न ऐकलेला,
तुझा दादा
देवराम