जागं राहण्याचा पराक्रम

३ मार्च, रविवार

जागी राहिले! पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत, डोळे टक्क उघडे!

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, ह्यांच्या एकाही कार्यक्रमात हे जमलं नव्हतं. ह्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं की माझी हनुवटी छातीवर. सगळ्या नात्यागोत्यात माझ्या झोपेची ख्याती. वन्सं तर येईल त्याला सांगतात — दादाचं वाजवणं ऐकायचं असेल तर वहिनीपासून चार खुर्च्या लांब बसा, घोरण्यात सूर हरवतात.

म्हणून या वेळी लेकीनं मोहीमच आखली. निघण्याआधी दोन मोठे कप काळी कॉफी पाजली. मग शेजारी बसून दर थोड्या वेळानं दंडाला चिमटा. दंड आता वांग्यासारखा झालाय. पण वन्संचं तोंड पाहण्यासारखं होतं. त्यांना पाहुण्यांना सांगायला आता दुसरं काहीतरी शोधावं लागणार.

ह्यांना मात्र कौतुक शून्य. घरी आले, व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर टाकली, दमलो म्हणाले आणि पाठ फिरवून झोपले. मी कॉफीच्या कृपेनं छत बघत पडले.

५ मार्च, मंगळवार

पेटी कपाटावरच. जेवणानंतर हे वाजवणार आणि मी आतल्या खोलीत आडवी होणार, हा आमचा नेम. आता जेवणानंतर हे बातम्या बघतात. बातम्यांनी कुणाला झोप येते? विचारलं, वाजवायचं नाही का? तर म्हणे, बघू.

"बघू" म्हणजे नाही. एवढं तर मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

७ मार्च, गुरुवार

माझ्या शिवणाच्या दुकानात आज अब्रू गेली. शाळामास्तरांची पँट दोन्ही पायांना थोडी थोडी आखूड करायची होती. मी एकच पाय दोनदा आखूड केला. मास्तर ती घालून आरशासमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, मला एकाच पायानं नदी ओलांडायची आहे का?"

झोप नाही तर सुई नाही. उद्या डॉक्टरकडे.

८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या नकोत. रोज झोपताना शांत वाद्यसंगीत ऐका. मी हसले, तर त्या माझी नाडी पुन्हा बघायला लागल्या. त्यांना काय सांगणार! घरात विहीर आणि मी कळशी घेऊन शेजारच्या दारात.

१० मार्च, रविवार

लेकीनं फोनमध्ये "गाढ झोपेसाठी शांत संगीत" घालून दिलं. भांडार आहे नुसतं. एकेक ऐकून पाहिलं.

पावसाचा आवाज आणि बासरी: तीनदा उठून मोरीत जावं लागलं.

देवमाशांचं गाणं: माशाच्या घरी कुणीतरी गेलेलं दिसतंय. आपण का ऐकायचं?

काशाच्या वाट्यांचा नाद: माझ्या स्वयंपाकघरात दुसरंच कुणी भांडी घासतंय असं वाटत राहतं. अशानं कुठल्या बाईला झोप येईल?

पियानो: हा माणूस एक सूर वाजवतो आणि चहाला जातो. तो कधी परत येतोय याची वाट बघत आपण जागे.

आणि एक लाडीगोडीची बाई आहे, ती मधूनच सांगते की तुमचे पाय आता जड होत आहेत. अगं बये, पाय दहा वर्षांपासून सुजतातच. झोपेचं बोल.

१३ मार्च, बुधवार

आज त्या भांडारात व्हायोलिन सापडलं. अगदी निर्मळ वाजवलंय, एक खोट काढता येणार नाही. पण वाजवणारा सुरुवातीला खाकरत नाही. त्याची खुर्ची कुरकुरत नाही. आमच्या ह्यांची एक तार नेहमी उतरते, मग हे मध्येच थांबून तिला पिळतात आणि तिच्या कुळाचा उद्धार करतात. तेवढ्यात मी कूस बदलते. यातलं काहीच त्या फोनमधल्या माणसाकडे नाही.

रडू आलं. मला ह्यांचंच वाजवणं हवंय. पण मागायचं कुठल्या तोंडानं? "अहो, वाजवा, मला झोपायचंय" असं कुठल्या कलावंताला सांगतात? जन्मभर पहिल्या रांगेत घोरले ते काय कमी झालं?

१७ मार्च, रविवार

वन्सं आल्या. कपाटावरची पेटी बघितली आणि निकालच दिला — घोरून घोरून तू माझ्या दादाला विटवलंस.

मला राग आला तो याचा की मलाही तेच वाटत होतं. पण शेवटच्या कार्यक्रमात तर मी जागी होते ना! इतकी वर्षं झोपले तेव्हा वाजवत राहिले, आणि एकदा जागी राहिले तर पेटी कपाटावर? हा कुठला न्याय? वन्संना चहा दिला, थोडा कोमटच.

१९ मार्च, मंगळवार

ह्यांचा बँकेत नोकरी करणारा शिष्य आला होता. वीस वर्षं शिकतोय, केस पिकले तरी गुरुजींसमोर खुर्चीच्या कडेलाच बसतो. मी स्वयंपाकघरात होते. हे त्याला म्हणाले, रविवारी ये आणि व्हायोलिन घेऊन जा, तुझ्याकडे वापरात राहील. तो बिचारा नको नको म्हणत राहिला. तर हे म्हणाले, बोटं आता ऐकत नाहीत.

दूध उतू गेलं. जाऊ दे.

मला का नाही सांगितलं? सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसतात ते मी बघतेच की. थंडीनं आखडली असतील म्हणून गप्प बसले. बँकवाल्याला सांगितलं आणि मला नाही. फार लागलं मनाला.

२१ मार्च, गुरुवार

अबोला धरलाय. ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२३ मार्च, शनिवार

अबोला मोडला, मीच.

दुपारी दुकानातून आले तर पेटी टेबलावर आणि हे मऊ फडक्यानं व्हायोलिन पुसताहेत. सासरी पाठवायची तयारी. मला राहवलं नाही.

"माझ्या घोरण्याचा राग असेल तर तो माझ्यावर काढा. त्या व्हायोलिनवर कशाला?"

ह्यांनी मान वर केली. "घोरण्याचा राग? अगं, तुझ्या घोरण्यावर तर मी आजवर वाजवत आलो."

मग सगळं बाहेर आलं. म्हणाले, लोक काय, कशालाही टाळ्या वाजवतात. मी वाजवताना फक्त तुझ्याकडे बघायचो. तुझी मान कलली की कळायचं, सूर लागला. त्या दिवशी संथ भाग जीव ओतून वाजवला आणि बघितलं, तर तुझे डोळे उघडे. पुन्हा वाजवला, आणखी हळुवार. तरी उघडे, दिव्यासारखे. "तेव्हाच समजलो, बोटांतलं गेलं."

मी ओरडलेच, "अहो, कॉफी!"

कॉफीचं सांगितलं, चिमट्यांचं सांगितलं. दंड दाखवायला गेले तर मेला गोरापान, पुरावा काही उरला नव्हता. शेवटी लेकीला फोन लावला. तिनं सगळं कबूल केलं आणि वर विचारलं, का, काय झालं?

ह्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "दोन कप?"

"मोठे. बिनसाखरेचे."

हसू आलं ह्यांना, पण अर्धंच. म्हणाले, बोटं आखडलीत ती मात्र खरीच आखडलीत, कॉफीनं ते खोटं होत नाही. उद्या शिष्य यायच्या आधी एकदा वाजवून बघतो. तू समोर बस आणि मला फसवू नकोस. जागी राहिलीस तर व्हायोलिन त्याचं.

मला भीती वाटतेय. जागरणाची इतकी सवय लागलीय आता. आणि झोप अशी मागून कधी येते का? नाही आली तर सरळ सोंग घ्यायचं. फसवणूक तर फसवणूक!

२४ मार्च, रविवार

खाकरले. खुर्ची कुरकुरली. मी सोंगाच्या तयारीत बसले होते. तार उतरली, तिच्या कुळाचा उद्धार झाला, तिथपर्यंतचं आठवतंय.

बँकवाला येऊन रिकाम्या हातानं परत गेला म्हणे. मला कुणी उठवलंच नाही.