काठोकाठ भरलेला पेला

कराकोल, रविवार

प्रिय आईस, गुल्झातचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे आणि तू विणलेले मोजे दोन-दोन घालते, हे आधी सांगून टाकते.

काल मी डोंगरात सायकलस्वारी काढली. आम्ही अकरा जण होतो. बर्फात घसरू नये म्हणून चाकांतली हवा कमी केली, तरी घसरलोच. माझा गुडघा जरासा सुजलाय, पण चालता येतं.

वाटेत साइराकान आजींकडे चहाला थांबलो, तेवढ्यात खिंडीवर ढग उतरले. मी म्हटलं, परत फिरू. त्यावर आमचा सायकल दुरुस्त करणारा बेक्तेमिर म्हणाला, "पुढारीणबाई घाबरल्या! घरी बसून लोकर पिंजायची मग." सगळे हसले. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मीही पेटले. म्हटलं, "चला खिंडीत!"

आजींनी किटली उचलली. इतका वेळ अर्धा-अर्धा पेला ओतत होत्या, आता त्यांनी सगळ्यांचे पेले काठोकाठ भरले. बेक्तेमिरचं तोंड एवढंसं झालं. भरलेला पेला हातात आला की पाहुण्याने घरची वाट धरायची, हे त्यालाही त्याच्या आईने शिकवलं असणारच. चहा संपवून आम्ही मुकाट्याने खाली उतरलो. ढगांत खिंड दिसेनाशी झाली, तेव्हा आम्ही गावात लाग्मानच्या गरम शेवया ओरपत होतो.

तुझा खोकला कसा आहे? खरं सांग.

बर्फ वितळलं की इकडे ये. किती दिवस राहायचं ते विचारू नकोस. तुझा पेला मी कायम अर्धाच भरणार आहे.

तुझीच हट्टी,
गुल्झात